शंखाचा कचरा

परभणी जिल्ह्यातल्या मुलीनं समुद्रकिनाऱ्याचा अभ्यास करते म्हटलं की लोकांना हसू आवरत नाही. सेलूला आमचं किराणा दुकान आहे. तिथं बाकड्यावर बसणारे बाबांचे दोस्त मला हमखास विचारतात, "शिवानी, आपल्या दुधना नदीत भरती कधी येते गं?" मी आधी चिडायचे, मग समजावून सांगायचे, आता पुन्हा चिडते. पुरातत्त्वात एम.ए. झाल्यावर मी कोकणातल्या एका खाडीवर चिखल चाळला आहे. खाडी गाळानं कशी भरत गेली, बंदर कसं सरकत गेलं, शिंपल्यांच्या ढिगाऱ्यावरून तिथली माणसं काय खात होती ते कसं ओळखायचं, हे मला जमतं आणि त्याचं मला वेड आहे. त्याची लाज मला कुणी शिकवू नये.

शिवाय समुद्र परभणीत येतो. पाणी येत नाही, शंख येतात. दोन हजार वर्षांपूर्वी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचे जाडजूड शंख बैलांच्या पाठीवरून इतक्या आत यायचे, आणि गोदावरीच्या काठी बसून कारागीर ते करवतीनं कापून बांगड्या करायचे. गोदावरीत शंख होत नाही. त्यामुळं इथल्या मातीत शंखाचा एक तुकडा जरी सापडला तरी त्याच्यामागं एक किनारा असतो, आणि मला तो किनारा शोधायचा असतो.

गंगाखेड तालुक्यातल्या त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. गावाबाहेर नदीकडेला पांढरीचं मोठं टेकाड आहे, म्हणजे जुनी वस्ती विरून झालेली पांढुरकी माती. तिथं आमचं उत्खनन चालू होतं. परवाना शिवप्रकाश सरांच्या नावावर, शब्द शिवप्रकाश सरांचा, आणि उन्हात उभं राहणं माझं. पुढच्या वर्षी सरांचा किनाऱ्याच्या पाहणीचा मोठा प्रकल्प सुरू होणार होता, त्यात माझं नाव आहे असं त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर मी वर्षभर त्यांच्या बॅगा उचलल्या.

माझ्या खड्ड्यात तो ढीग लागला तेव्हा मला नाचावंसं वाटलं. शंखांची टोकं, पोटातले पिळाचे दांडे, अर्ध्या-पाव बांगड्या, आणि सगळ्यावर पिठासारखी पांढरी भुकटी. एकाही तुकड्याची आतली कड घासलेली नाही, सगळीकडं करवतीचे ओरखडे तसेच. हातात घातलेली बांगडी आतून गुळगुळीत होते. ह्या बांगड्या कुणाच्या हातात गेल्याच नव्हत्या, करताना फुटल्या आणि कारागिरानं फेकून दिल्या. शंखाच्या कारखान्याचा कचरा होता तो, आणि मला त्यापेक्षा चांगलं काही मिळणार नव्हतं.

आमच्याकडं खापरं धुवायला गावातल्या बाया यायच्या. त्यात निकिता होती, लग्नाला दोन वर्षं झालेली, नवरा बजरंग उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. तिची सासू तानुबाई घमेली उचलायला यायची. तानुबाईला वैधव्य येऊन जमाना झाला होता, हात मोकळे, कपाळ मोकळं, बोलणं जेवढ्यास तेवढं. निकिताचा मात्र हातभर हिरवा चुडा पाण्यात सारखा वाजायचा. तिनं एकदा शंखाचा एक अर्धा तुकडा मनगटाला लावून बघितला आणि म्हणाली, "ताई, एवढी जाड? ही घालून भाकरी कशा थापायच्या?" मी हसले. त्या दिवसांत मी बऱ्याच वेळा हसत असे.

मग एका पेपरचा माणूस आला. मी सर्वेक्षणाला पलीकडच्या शिवारात होते. सरांनी त्याला खड्ड्यापाशी उभं करून मुलाखत दिली आणि दुसऱ्या दिवशी ठळक मथळ्यात छापून आलं की गोदाकाठी फुटलेल्या बांगड्यांचा प्राचीन ढीग सापडला, पतीनिधनानंतर नदीकाठी बांगड्या फोडण्याच्या आपल्या परंपरेचा हा दोन हजार वर्षांचा पुरावा.

मी पेपर घेऊन सरांच्या तंबूत गेले. म्हटलं, सर, हा कारखान्याचा कचरा आहे, तुम्हाला मी आठवड्यापूर्वी तुकडे मांडून दाखवलेत, तुम्ही मान डोलावलीत. सर चहा पीत होते. ते म्हणाले, पेपरवाल्यांना गोष्ट लागते, कचरा कोण छापतं? अहवालात आपण बरोबर तेच लिहू. मी विचारलं, अहवाल इथं कोण वाचणार आहे? त्यावर त्यांनी मला किनाऱ्याच्या प्रकल्पाची आठवण करून दिली, अगदी प्रेमानं, आणि मी बाहेर आले. माझ्या अंगाची लाही लाही होत होती. सर आणि मी एकाच लिंगायत समाजातले, दोघांच्याही गळ्यात लिंग. आमच्यात सुतकसुद्धा पाळायचं नाही असं लहानपणापासून घोकून घेतात. आणि हा माणूस बांगड्या फोडण्याला दोन हजार वर्षांचा दाखला देऊन मोकळा.

तरी तोवर ते फक्त खोटं होतं. त्याला दात फुटले ते बजरंग गेला तेव्हा.

साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसानं भरलेली ट्रॉली उलटली आणि तो खाली सापडला. निकिता ऐकल्या ऐकल्या जागेवर पडली. तिला गंगाखेडच्या दवाखान्यात सलाईन लावलं, आणि ती परत आली तोवर चिता विझली होती. म्हणून त्या दिवशी करायचं ते राहून गेलं. घरात ठरलं की बांगड्या दहाव्याला नदीवर फोडायच्या.

मी भेटायला गेले. निकिता भिंतीला टेकून बसली होती. माझा हात धरून ती एवढंच म्हणाली, "ताई, ह्या बांगड्या त्यानं भरल्या होत्या, गंगाखेडला नेऊन. मला न्हाई फोडायच्या. कुणाला तरी सांगा."

कुणाला सांगायचं? सांगण्यासारखी एकच होती, सरपंच राजेश्री. ती शिकलेली, माझ्याच वयाची. विधवांच्या ह्या प्रथा बंद करायचा ठराव गावांनी घ्यावा असं सरकारचं परिपत्रक येऊन बरेच दिवस झाले होते, पण ह्या गावात ते कपाटातून बाहेर आलं नव्हतं. राजेश्री म्हणाली, दहाव्याच्या आधी ग्रामसभा आहेच, मी विषय घेते, पण दत्तराव आडवे येतील. दत्तराव म्हणजे बजरंगचे चुलते, माजी सरपंच. गावात त्यांच्या शब्दाला वजन. राजेश्रीनं मला पुढं सांगितलं की ते पेपरचं कात्रण खिशात घेऊन हिंडताहेत आणि जो भेटेल त्याला दाखवताहेत. माझ्या खड्ड्याचं कात्रण! माझ्या हातानं ब्रश मारून उघडा केलेला ढीग एका विशीतल्या बाईच्या मनगटावर येऊन पडणार होता. मी राजेश्रीला म्हटलं, मी सभेला येते आणि बोलते.

सरांना मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं, आणि मग मला त्यांचं न ऐकण्याचा आणखी एक त्रास.

ग्रामसभा शाळेच्या मैदानात भरली. पुरुष पुढं खुर्च्यांवर आणि सतरंजीवर, बाया मागं भिंतीच्या सावलीला. विधवा बाया त्यांच्याही मागं, आपोआप, कुणी न सांगता. तानुबाई तिथंच बसली होती. राजेश्रीनं ठराव वाचला. दत्तराव उठले, चष्मा लावला आणि कात्रण मोठ्यानं वाचून दाखवलं. मग घडी घालून म्हणाले की सरकार आज हाय, उद्या दुसरं येईल, पण दोन हजार वरसांची रीत मातीतून निघाली, ती काय परिपत्रकानं पुसायची का?

मी पुढं गेले. पिशवीतले तुकडे टेबलावर मांडले. हे टोक, हा मधला दांडा, हे करवतीचे ओरखडे, ही बघा आतली कड, बोटाला टोचते. मी जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं की ह्या बांगड्या कुणा बाईनं घातलेल्या नाहीत, त्या फुटल्या त्या कारागिराच्या हातात, आणि पेपरात छापलेलं चूक आहे. काही तरुण पोरं पुढं येऊन तुकडे हातात घेऊन बघू लागली. कडेवर बोट फिरवून एकमेकांकडं देऊ लागली. मला वाटलं, जिंकलं.

दत्तरावांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, मग त्या काळी नवरा मेल्यावर बांगड्या फोडत नव्हते, हे तुमी सिद्ध केलं?"

मी म्हटलं, नाही. ते ह्या ढिगावरून कळत नाही.

"म्हंजी फोडत बी असतील."

खोटं बोलता आलं असतं. नाही, फोडत नव्हतेच, असं ठणकावून सांगितलं असतं तर मैदानात कोण मला अडवणार होतं? पण मग माझ्यात आणि सरांत फरक काय राहिला असता. मी म्हटलं, माहीत नाही. आणि मग माझा तोल गेला. मी म्हटलं, समजा फोडत असतील. ह्याच टेकाडात, त्याच्याही खालच्या थरात, आम्हाला घराच्या जमिनीखाली मडक्यात पुरलेलं लेकरू सापडलंय. ती रीत तुमच्या रितीपेक्षा जुनी आहे. मग आजपासून लेकरं घरात पुरायची का? मातीत काय निघालं ते मी सांगीन, पण जित्या बाईचं काय करायचं ते मातीला का विचारता? मेलेला माणूस तिचा होता. तुम्ही तिच्याकडून आणखी काय काय काढून घेणार आहात?

मैदानात कुजबुज झाली. दत्तराव जराही तापले नाहीत. ते म्हणाले, मॅडम शिकलेल्या हायत, पण त्यांच्यावर सर हायत. मोठ्यालाच विचारू. त्यांनी फोन लावला, सरांना लावला, आणि स्पीकर चालू करून माइकपुढं धरला. नमस्कार-चमत्कार झाल्यावर त्यांनी विचारलं की पेपरात आलंय ते खरं का इथं मॅडम सांगताहेत ते खरं.

सरांना एक शब्द बोलायचा होता. शिवानी बरोबर सांगते आहे, बस्स. त्यांनी तो ढीग पाहिला होता, तुकडे हाताळले होते, हा कचरा आहे ह्याला मान डोलावली होती. पण पेपरात नाव छापून आलेला माणूस अख्ख्या गावासमोर चूक कशी कबूल करणार? फोनमधून त्यांचं हसू आलं. ते म्हणाले, "अहो दत्तराव, ती अजून शिकायलीय. समुद्राचं वेड आहे तिला, जिथं तिथं समुद्रच दिसतो. मनावर घेऊ नका."

मैदान हसलं. तुकडे हातात घेतलेली पोरंसुद्धा हसली.

"बसा मॅडम," दत्तराव म्हणाले. आणि मी बसले. ठराव पुढच्या सभेपर्यंत राखून ठेवण्यात आला. तोपर्यंत दहावा होऊन गेला असता. राजेश्रीनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घालून सही केली.

संध्याकाळी सरांनी मला बोलावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते समजुतीनं बोलले. म्हणाले, क्षेत्रात काम करताना स्थानिक भावनांचा मान ठेवावा लागतो, तुला अजून ती जाण आलेली नाही. किनाऱ्याच्या प्रकल्पाची नावं आता नक्की झाली आहेत, त्यात जागा उरलेली नाही. इथलंही माझं काम त्यांनी दुसऱ्याकडं दिलं होतं. मी म्हटलं, सर, तुम्हाला माहीत आहे तो कचरा आहे. ते म्हणाले, ह्याच स्वभावानं तुझं नुकसान होणार आहे. होऊ दे, मी म्हटलं, पण स्वभाव माझा आणि नुकसान निकिताचं, हे कुठलं शास्त्र आहे? त्यांनी लॅपटॉप उघडला, म्हणजे मी जावं.

मी सेलूला निघून जायला हवं होतं. गेले नाही. दहाव्याच्या दिवशी सकाळी मी नदीवर गेले. मला काही करता येणार नव्हतं, पण घडेल ते निदान कुणीतरी डोळे उघडे ठेवून बघावं, इतकाच राग माझ्यात उरला होता.

नदीला पाणी बेताचं होतं. एका बाजूला पुरुष, न्हाव्यापुढं डोकी वाकवलेली, पिंडाची तयारी चाललेली. दुसऱ्या बाजूला बाया. निकिताला एका दगडावर बसवलं होतं, पदर पुढं ओढलेला, दोन्ही हात पदराखाली. तिच्या शेजारी दुसरा एक दगड ठेवला होता, बांगड्या फोडायचा.

ह्या कामाची त्या गावात एक रीत आहे. सवाष्णीनं हात लावायचा नाही, लावला तर तिच्याच कुंकवाला बाधा. पुरुषानं तर जवळसुद्धा यायचं नाही. आधीच विधवा झालेल्या बाईनंच नव्या विधवेच्या बांगड्या फोडायच्या, आणि घरातली मोठी म्हणून ते काम तानुबाईचं होतं. सासू, आणि शिवाय विधवा, म्हणजे तिच्याहून हक्काचं कुणीच नाही. मी तानुबाईकडं बघितलं. ती पाण्यात पाय धुऊन येऊन निकितासमोर बसली होती, आणि मला तिचीही चीड आली. आपल्या हातांचं जे झालं ते ती दुसऱ्याच्या हातांचं करणार होती.

वरून दत्तरावांनी हाक दिली की आटपा, ऊन चढलं.

तानुबाई हलली नाही. तिनं दोन्ही हात आपल्या मांडीवर ठेवले आणि तिथंच ठेवले. पुन्हा हाक आली. मग ती वळून पुरुषांकडं बघत बोलली. आवाज मोठा नव्हता, पण नदीकाठी सगळ्यांना ऐकू गेला.

"भावजी, माझे हात न्हाई उठायचे."

दत्तराव चार पावलं खाली आले आणि थांबले. ते म्हणाले, वहिनी, रीत हाय ती, रडून चालत न्हाई. त्यांना वाटलं ती पोराच्या दुःखानं बोलते आहे. त्यांनी दुसऱ्या विधवा बायांकडं बघितलं. चार-पाच जणी होत्या, सभेत सगळ्यांत मागं बसलेल्याच. त्यांनी एकीचं नाव घेऊन हाक मारली. तिनं पदर सावरला आणि ती आणखी घट्ट बसली. दुसरीनं नदीकडं तोंड केलं. एकही उठली नाही. त्यांचं आपसात ठरलं होतं का, हे मला आजही माहीत नाही.

सवाष्णी बाया एकमेकींकडं बघू लागल्या आणि हळूहळू मागं सरकल्या. हात लावायला कुणी उरलंच नाही. त्या रितीतच ते काम करणारे हात ठरवून दिलेले होते, आणि ते हात मांडीवर पडून होते.

"तुमीच फोडा मग," तानुबाई म्हणाली. "येवढी दोन हजार वरसांची हाय तर एक डाव बापयानं करून दावा."

दत्तराव तिथंच उभे राहिले. भावजय, सून, समोर दगड, आणि त्यांचा हात काही केल्या पुढं येणार नव्हता, कारण तोही रितीनंच बांधलेला होता. अख्खं गाव त्यांच्याकडं बघत होतं. शेवटी ते माघारी वळले आणि भटजींना म्हणाले, चला, पिंड ठेवा. पिंड ठेवला. कावळा यायला बराच उशीर लागला, आणि कुणीतरी म्हणालंच की बांगड्या राहिल्या म्हणून शिवत नाही. पण थोड्या वेळानं शिवला.

निकिता उठली तेव्हा पदराखालून बांगड्या वाजल्या. ती दचकली आणि तिनं हात छातीशी धरला. तानुबाईनं तिला दंडाला धरून घाटाच्या वर नेलं.

मला तानुबाईशी बोलायचं होतं. खरं सांगायचं तर मला ऐकायचं होतं. वाटत होतं की मैदानात मी मांडलेले तुकडे, ती बोटाला टोचणारी कड, ते मडक्यातलं लेकरू, ह्यातलं काहीतरी मागच्या भिंतीपर्यंत पोचलं असणार. माझी नोकरी गेली होती, समुद्र गेला होता, तेवढं तरी माझ्या पदरात पडावं. दुपारी मी तिच्या दारात गेले आणि विचारलं, "मावशी, माझ्या बोलण्यातलं तुम्हाला काय पटलं?"

तानुबाई उंबऱ्यात बसली होती.

"तुजं शंखाचं बोलणं मला काय बी कळलं न्हाई, बाई," ती म्हणाली. "तुज्या सरानं फोनमदी तुजी हसी केली, सगळे हसले, अन् भावजी म्हनले बसा. अन् तू बसलीस. येवढी शिकलेली, अन् बसलीस. माजे मालक गेले तवा बी बांगड्या फोडायला मला भावजींनीच म्हनलं होतं, बसा वहिनी."